शिबिरस्थळांवरील पाळीव कुत्र्यांविषयीचे शिष्टाचार

शिबिरस्थळांवरील पाळीव कुत्र्यांविषयीचे शिष्टाचार म्हणजे तंबू ठोकून वा फिरत्या घरवजा वाहनातून मुक्काम करण्यासाठी राखलेल्या सार्वजनिक जागी, म्हणजे शिबिरस्थळी, कुत्र्याला सोबत नेणाऱ्या व्यक्तीने पाळावयाचे नियम व संकेत होत. कुत्र्याला दोरीने बांधून फिरवणे, त्याची विष्ठा तत्काळ उचलणे, त्याच्या भुंकण्यावर नियंत्रण ठेवणे आणि वन्यजीवांपासून त्याला दूर राखणे, ही त्यांची मुख्य अंगे आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यांतील बऱ्याच संकेतांना कायद्याचे पाठबळ आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या शिबिरस्थळांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलावी, हा दंडक प्रथम दाट वस्तीच्या शहरांत रूढ झाला. न्यूयॉर्क राज्याने चार लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी केलेला यासंबंधीचा कायदा १ ऑगस्ट १९७८ पासून अमलात आला व पुढे तो अन्य शहरांना आदर्शवत ठरला. शिबिरस्थळाचे स्वरूप एका अर्थी शहरासारखेच असते. थोड्या जागेत अनेक कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. मात्र त्यांच्यामध्ये भिंती नसतात. मुले मातीत खेळतात, लोक जमिनीवर बसून जेवतात आणि पाण्याचा प्रवाह बहुधा जवळच असतो. त्यामुळे एका मुक्कामाची अस्वच्छता लगेच दुसऱ्याच्या दारी जाते.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेतील ३६व्या शीर्षकाच्या कलम २.१५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांतील पाळीव प्राण्यांविषयीचे नियम दिले आहेत. त्यांनुसार प्राणी पिंजऱ्यात असावा वा सहा फुटांहून (सुमारे १.८ मीटर) अधिक लांब नसलेल्या दोरीने बांधलेला असावा. नेमून दिलेल्या जागा वगळता त्याला झाडाला वा खांबाला बांधून एकटे सोडून जाता येत नाही. अवाजवी गोंगाट होऊ देणे व वन्यजीवांना भेदरवणे निषिद्ध आहे. विष्ठेच्या विल्हेवाटीबाबत उद्यानाच्या अधीक्षकाने घातलेल्या अटी पाळणेही बंधनकारक आहे. राष्ट्रीय वनांतील विकसित मनोरंजनस्थळांवरही सहा फुटांचीच मर्यादा लागू आहे.

कुत्रा कोठवर नेता येईल, हे मात्र उद्यानागणिक बदलते. यलोस्टोन उद्यानात तो रस्ते, वाहनतळ व शिबिरस्थळे यांपासून १०० फुटांच्या आतच नेता येतो. पायवाटांवर व उष्ण झऱ्यांलगतच्या लाकडी मार्गांवर त्याला मज्जाव आहे. याउलट मेन राज्यातील अकेडिया उद्यानात बहुतेक पायवाटा कुत्र्यांना खुल्या आहेत. म्हणून मुक्कामाला निघण्यापूर्वी त्या त्या उद्यानाचे नियम पाहणे आवश्यक ठरते.

विष्ठा उचलण्याची कारणे

रानातील प्राण्यांची विष्ठा जमिनीवरच पडते, मग कुत्र्याचीच का उचलावी, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. वन्यप्राणी ज्या परिसरात अन्न खातात, त्याच परिसराला ते द्रव्य परत करतात. कुत्र्याचे खाद्य बाहेरून आलेले असते. त्यामुळे त्याच्या विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस यांची त्या भूमीत नव्याने भर पडते. पावसाबरोबर ही द्रव्ये व जिवाणू ओढ्यात वा तळ्यात उतरतात. एका कुत्र्याचा वाटा अल्प असला, तरी हंगामभर येणाऱ्या कुत्र्यांचा एकत्रित परिणाम अल्प राहत नाही.

दुसरे कारण आरोग्याचे आहे. कुत्र्याच्या आतड्यातील गोलकृमींची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ताजी अंडी संसर्गक्षम नसतात. ती तशी होण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर ती मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. विष्ठा वेळीच उचलली, तर अंडी संसर्गक्षम होण्यापूर्वीच त्या जागेवरून दूर होतात. विष्ठा दिसेनाशी झाली, म्हणून धोका टळला असे मात्र होत नाही. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना हा संसर्ग विशेषतः संभवतो. अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरू शकतात. पार्वो विषाणूचा संसर्ग लस न दिलेल्या अन्य कुत्र्यांना व कोल्हा-लांडग्यांसारख्या वन्यप्राण्यांनाही होऊ शकतो.

विल्हेवाटीची पद्धत

पिशवी हातमोज्याप्रमाणे हातावर उलटी चढवून विष्ठा उचलावी, पिशवी सुलटी करून तोंड घट्ट बांधावे व ती कचरापेटीत टाकावी. पिशवी शौचकूपात टाकू नये. खड्ड्याच्या शौचालयांचा उपसा करताना नळ्या तुंबतात. ती शेकोटीतही टाकू नये. परतताना उचलू, या विचाराने पायवाटेच्या कडेला ठेवलेली पिशवी बहुधा तेथेच राहते. विष्ठा एरवी कालांतराने विरून गेली असती. प्लॅस्टिकमध्ये बांधल्यामुळे ती टिकून राहते आणि वर प्लॅस्टिकचा कचरा होतो. विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्याही उघड्यावर लवकर कुजत नाहीत. दुर्गम रानात, जेथे अनुमती असेल तेथे, पाण्यापासून सुमारे २०० फूट दूर सहा ते आठ इंच खोल खड्ड्यात विष्ठा पुरण्याचा पर्याय असतो. शिबिरस्थळी तो ग्राह्य नाही.

फिरवताना पाळावयाचे संकेत

दुसऱ्याच्या मुक्कामाच्या जागेतून कुत्रा नेऊ नये. ती जागा त्या कुटुंबाचे तात्पुरते अंगणच असते. अन्य कुत्र्याजवळ वा मुलांजवळ नेण्यापूर्वी संमती विचारावी. ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ हे आश्वासन कुत्र्याला भिणाऱ्या व्यक्तीला पुरेसे नसते. अरुंद वाटेवर कुत्र्यासह बाजूला थांबून इतरांना, विशेषतः घोडेस्वारांना, वाट द्यावी. शांततेच्या वेळेत, म्हणजे सर्वसाधारणपणे रात्री १० ते सकाळी ६ या काळात, भुंकणे थांबवण्याची जबाबदारी मालकाची असते. अस्वलांच्या प्रदेशात कुत्र्याचे खाद्य व खाण्याचे भांडेही माणसांच्या अन्नाप्रमाणेच अस्वलरोधक पेटीत ठेवावे लागते.

अपवाद

अपंग व्यक्तीला विशिष्ट कामात साहाय्य करण्यासाठी प्रशिक्षित केलेल्या सेवाश्वानांना अभ्यागतांसाठी खुल्या असलेल्या बहुतेक ठिकाणी प्रवेश असतो. केवळ मानसिक आधारासाठी बाळगलेला कुत्रा या व्याख्येत येत नाही. विष्ठा उचलण्याच्या व कुत्र्याला काबूत ठेवण्याच्या नियमांतून मात्र सेवाश्वानांच्या सोबत्यांनाही सर्वसाधारणपणे सूट नसते.