‘आता येऊ नका’ म्हणणारा दवाखाना

परवा मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत विषय निघाला तो कंबरेचा. आम्ही सात जणी होतो, आणि सातही जणींच्या कंबरेला काही ना काही इतिहास होता! मैत्रिणींनो, तुमच्याकडेही याहून वेगळं नसेल. आमचं जवाहरनगर म्हणजे मधोमध आयुध निर्माणीची वसाहत आणि सभोवार भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेल्या असतात. वसाहतीतल्या आम्ही चिखलात नसतो इतकंच. बादल्या, गव्हाचा डबा, ओल्या चादरी आम्हालाही चुकत नाहीत.

पण आज मला कंबरेबद्दल नाही, कंबर बरी करणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे. तिथे मी पैशाने आणि मनाने, दोन्हीकडून ठेच खाल्ली आहे.

दोन वर्षांपूर्वी भरलेली बादली उचलताना माझ्या कंबरेत चमक भरली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “पायाळू पोरगी बलावा जी, एक लाथ मारली का चमक गेली.” सासूबाईंनी खरोखरच सहा वर्षांची एक पायाळू मुलगी शोधून आणली. तिने लाजत लाजत माझ्या पाठीला पाय लावला आणि चार दिवसांनी मी हिंडूफिरू लागले. साधी पाठदुखी बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते. श्रेय मात्र त्या मुलीला मिळालं, आणि वर चॉकलेटही!

थंडीत दुखणं परत आलं. तेव्हा मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. माणूस पालथा झोपलेला, वरून एक झटका, कडाड् आवाज, आणि रोगी हसत उठतो. अमेरिकेत १८९५ साली डेव्हनपोर्ट नावाच्या गावी डी. डी. पामर या गृहस्थाने ही विद्या सुरू केली. तिचं नाव कायरोप्रॅक्टिक. तिकडे तिची महाविद्यालयं आहेत, परवाने आहेत. आपल्या देशात तिच्यासाठी कायद्याने नेमलेली परिषद नाही. म्हणून पाटीमागचा माणूस काय शिकला आहे, हे आपणच विचारायला हवं. मी ते विचारलं नाही. बी.ए. झालेली बाई, शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवते, आणि तिथे गप्प बसले!

ते ठिकाण एका मोठ्या शहरात होतं. तिथल्या गृहस्थांनी माझा फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “मणक्यात गॅप आहे. अजून उशीर केला असता तर चाकाच्या खुर्चीत बसला असतात.” चोवीस बैठका, पैसे आगाऊ. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही पैसे भरले.

अकरा वेळा गेले. दर वेळी कडाड् आवाज, दर वेळी दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. दुखण्यापेक्षा वाईट झालं ते ‘गॅप’ या शब्दाने. वाकायची भीती, झाडू घ्यायची भीती. धाकटीला कडेवर घेणं बंद केलं. वर्गात खडू पडला तरी मुलांना उचलायला सांगायची. पट्टा बांधून उभी राहायची आणि मनात सारखं, तुटेल का, मोडेल का.

पुढे माझ्या बहिणीच्या मुलीने भंडाऱ्यात भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना थाटला. एकच खोली, पडदा, खाट, भिंतीला आरसा. पहिल्या दिवशी तिने मला हातही लावला नाही. अर्धा तास नुसतं विचारत होती. बादली किती लिटरची? ओट्याची उंची केवढी? रात्री झोप लागते का? पाय बधिर होतो का? लघवीवर ताबा आहे ना? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी बिचकले. तेव्हा तिने समजावलं. पायातली ताकद कमी होणं, बैठकीचा भाग बधिर होणं, लघवी-शौचाचा ताबा सुटणं, पाठदुखीबरोबर ताप येणं किंवा वजन घटणं, पडल्यावर दुखणं सुरू होणं, यांपैकी काही असेल तर रोग्याला तिच्या खाटेवर न झोपवता थेट हाडांच्या डॉक्टरांकडे धाडायचं. ताबा सुटला किंवा बैठक बधिर झाली तर त्याच दिवशी. मानेला झटका देणं तर ती करतच नाही. क्वचित का होईना, पण त्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

मग म्हणाली, “मावशी, गॅप वगैरे काही नाही. तुझ्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या फोटोत गादी थोडी झिजलेली दिसते. आणि तो कडाड् आवाज हाड जागेवर बसल्याचा नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होते, तिचा आहे. बोटं मोडताना येतो ना, तोच.”

मला रडूच आलं. बाई गं, या एका वाक्यासाठी मी किती महिने पट्टा बांधून हिंडले!

तिने चार व्यायाम शिकवले, बादली अर्धी भरून दोन खेपा करायला सांगितलं, पट्टा हळूहळू सोडवला. तिसऱ्या खेपेला म्हणाली, “आता महिनाभर येऊ नकोस.” मी विचारलं, “अगं, सगळ्यांना असं सांगितलंस तर खोलीचं भाडं कसं निघेल?” ती हसली नाही. म्हणाली, “पहिल्या वर्षी निघालंच नाही. बाबांनी भरलं. कधी कधी वाटतं, आणखी पाच दिवस बोलवावं, कोणाला कळणार आहे? पण एकदा तसं केलं की पुढच्या माणसाची पाठ पाहताना मला भाडंच दिसेल.”

ती कोणाकडूनही आगाऊ पैसे घेत नाही. माझ्याकडूनही फी घेते, आणि ते बरोबरच आहे. फुकट घेतलेला व्यायाम मी तरी केला नसता! बाईमाणूस आली तर आधी विचारून मगच हात लावते, सोबत कोणी हवं असेल तर आत बसू देते. पुरुष रोग्यांच्या वेळा मदतनीस बाई असतानाच्या. कोणी पाल्हाळ लावलं तर ऐकते, पण एकीचं दुखणं दुसरीला सांगत नाही. मला ते फार अवघड गेलं, कारण मला सगळ्यांचं जाणून घ्यायचं असतं.

चरकसंहितेत वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे: सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, बरा होण्याजोग्या रोग्यावर मन लावून उपचार, आणि ज्याचा शेवट जवळ आला आहे त्याच्याबाबतीत अलिप्तता. ही शेवटची आधी मला कठोर वाटायची. भाचीकडे एक म्हातारी बाई रोज येत असे; पाठ बरी झाली होती, घरी बोलायला कोणी नव्हतं. तिचं मरण काही जवळ आलं नव्हतं, पण आपल्या हातून काय होणार नाही हे ओळखण्याची अलिप्तता इथेही लागतेच. भाचीने तिची फी घेणं थांबवलं, खाटेवर झोपवणंही थांबवलं, आणि दाराशी खुर्ची टाकून दिली. “बसा जी आजी, पण आज उपचार नाहीत.” आजी चिडली, चार दिवस आली नाही, मग आली.

रोग्याला काय हवं ते त्यालाच विचारावं, याचं मोठं उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेचं रुग्णालय उभारण्याआधी तिथल्या गोंड लोकांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, तिथे सगळे पांढऱ्या कपड्यात असतात, आम्ही तर मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि आमच्या माणसांना जवळ राहू देत नाहीत. मग रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखं बांधलं, नातलगांना जागा ठेवली, आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, दंतेश्वरीचं. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन पाठीच्या रोग्यांना तपासतात. पाठदुखी हे शहरातल्या खुर्चीचं दुखणं नव्हे, हे तिथल्या शेतकरी बायांना काही नव्याने सांगावं लागलं नसेल.

आता आपल्याबद्दलही थोडं. आपण काही कमी नसतो! व्यायाम न करता “केले हो” म्हणतो, वेळ सकाळची घेतो आणि जेवणं आटोपून दुपारी जातो, रात्री दहाला फोन करून “जरा विचारायचं होतं” म्हणतो. भाचीने आता फोनवर उत्तर द्यायची वेळ ठरवली आहे, दुपारी चार ते पाच. आधी बायका रुसल्या. एक तर म्हणाली, एवढीशी पोर आणि एवढा तोरा! तीच आता बरोबर चार वाजता फोन करते.

माझ्या आगाऊ भरलेल्या तेरा बैठकांचे पैसे मागायला हे दोनदा जाऊन आले. परत मिळाले नाहीत. परवा वर्गात खडू पडला. मुलगा उठायच्या आत मीच वाकून उचलला. धाकटी मात्र आता कडेवर यायला तयार नाही, मोठी झाली आहे ना.