लाहोरची वझीरखान मशीद

लाहोर शहराच्या जुन्या तटाआंत दिल्ली दरवाज्यानें शिरून गजबजलेल्या बाजारांतून थोडें पुढें गेलें, म्हणजे रस्ता एकाएकीं मोकळा होतो आणि निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांनीं नटलेली एक उंच कमान दृष्टीस पडते. हीच वझीरखान मशीद. शहाजहान बादशहाचा वैद्य व पुढें पंजाबचा सुभेदार झालेला चिनिओटचा हकीम इल्मुद्दीन अन्सारी यास वझीरखान हा किताब होता. त्यानें इ. स. १६३४ मध्यें हें काम आरंभिलें. १६४१ च्या सुमारास तें पुरें झालें.

मोंगल इमारत म्हटली कीं आग्र्याचा तांबडा दगड व संगमरवर डोळ्यांपुढें येतो. परंतु लाहोरच्या आसपास दगडाची वाण. तेथील कारागिरांनीं पातळ विटा व चुना यांवरच भागविलें आणि विटेचा साधेपणा रंगानें झांकला. बाहेरील भिंतींवर काशीकारी आहे. म्हणजे रंगीत झिलईचे तुकडे फुलापानांच्या आकारांत कापून एकमेकांस बेमालूम जोडले आहेत. आंत गिलाव्यावर वेलबुट्टी रंगविली आहे. नमाजाच्या दालनावर पांच घुमट असून अंगणाच्या चारी कोपऱ्यांस अष्टकोनी मिनार आहेत.

पण वझीरखानाचें खरें शहाणपण निराळेंच. झिलई उडते, चुना ओल धरतो. अशा इमारतीस नित्य निगा हवी. म्हणून त्यानें दाराशींच दुकानांची ओळ काढली. तेथें सुलेखनकार व ग्रंथ बांधणारे बसत. जवळ मोठा हमामखानाहि बांधला. यांचें उत्पन्न मशिदीच्या खर्चास कायमचें लावून दिलें.

मग ऱ्हास कां झाला? अठराव्या शतकांत मोंगल सत्ता खिळखिळी झाली आणि ही घडी विसकटत गेली. भोंवतालीं माती सांचून रस्ता वर चढला, भिंतींत ओल शिरली, बाहेरून नवीं दुकानें येऊन चिकटलीं. एकोणिसाव्या शतकांत लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख लॉकवुड किपलिंग यांनीं या मशिदीस नवशिक्या कलावंतांची शाळाच मानलें. पण त्यांच्या काळींहि तिची आबाळ चालूच होती.

एकविसाव्या शतकांत दुरुस्तीचें काम नेटानें झालें. समोरच्या चौकांतील माती उपसतांच गाडलेल्या पायऱ्या वर आल्या. हमामखान्याच्या जीर्णोद्धारास २०१६ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. इमारत उभारणें हें एकदांचें काम, ती राखणें हें रोजचें. वझीरखानानें हें ओळखलें होतें. मागून येणाऱ्यांस मात्र तें फार उशिरां उमगलें.