टॅली ब्राउन : भूमिगत गायिकेचा माहितीपट

भूमिगत म्हटलं की आपल्याला बेचाळीसची चळवळ आणि साताऱ्याचं पत्री सरकार आठवतं. पण कलावंतांनाही भूमिगत म्हणतात. ते पोलिसांपासून लपलेले नसतात. मोठ्या कंपन्या आणि मोठी थिएटरं सोडून ते छोट्या क्लबांत गातात, कमी पैशांच्या सिनेमांत काम करतात. आज आम्ही अशाच एका बाईची ओळख करून देत आहोत.

तिचं नाव टॅली ब्राउन. जन्म १९२४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातला. ज्युलियार्ड या नामांकित संस्थेत ती पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकली. पुढे मात्र ब्लूज आणि रॉक गाऊ लागली. चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या 'कॅम्प' या १९६५ च्या सिनेमात ती होती. तरी तिचं नाव घरोघरी पोचलं नाही.

१९७९ साली 'टॅली ब्राउन, न्यूयॉर्क' हा माहितीपट आला. दिग्दर्शक रोझा फॉन प्राउनहाइम. नाव रोझा असलं तरी हे जर्मन गृहस्थ होते. तेव्हा टॅली पन्नाशी ओलांडलेली, अंगानं चांगली भरलेली. अशा बाईला सिनेमात बहुतेक वेळा हसण्यापुरतं काम मिळतं. इथे सगळा सिनेमाच तिचा. ती गाते, स्वतःबद्दल स्वतः बोलते, तिच्या सोबतचे कलावंतही बोलतात. डेव्हिड बोवी या तिच्याहून कितीतरी लहान गायकाचं गाणं ती आपल्या पिकल्या आवाजात गाते.

१९८९ मध्ये टॅली वारली. दहा वर्षं आधी कुणीतरी तिला बोलतं केलं, म्हणून तिचं सांगणं आज ऐकायला मिळतं.

मैत्रिणींनो, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्या गावोगावी आहेत. जातं थांबलं, की ओव्याही विस्मरणात जातात. बचत गटात एकीच्या तरी हातात मोबाईल असतोच. मग आजीकडे जावं आणि आधी तिची परवानगी घ्यावी. ती 'नको' म्हणाली, तर मोबाईल खाली ठेवावा. 'हो' म्हणाली, तर तिचं नाव, माहेर, सासर तिच्याच तोंडून घ्यावं. नुसतं गाणं घेऊन उठू नये. ते कुणाकडून शिकली, कधी म्हणायची, हेही विचारावं. मध्ये बोलू नये. शेवटी रेकॉर्डिंग तिला ऐकवावं आणि कुणाला द्यायचं, हे तिलाच ठरवू द्यावं.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला, की पहिलं नाव ठरवूया.