एक प्रिंटर, दोन लिप्या

निपाणी परिसरातील शाळांतून एकच सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये काढण्याचा प्रसंग वारंवार येतो. त्यामुळे संगणकाच्या छपाईसारखा रुक्ष विषयही आम्हा सीमाभागातील शिक्षकांना जिव्हाळ्याचा वाटतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांचे काम माझ्याकडे होते. प्रिंटर एकच, तोही कार्यालयातील संगणकाला जोडलेला. मराठीची प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर तेथे नेऊन उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा! जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्राला ती रोमनच दिसत. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. रात्री सारी प्रश्नपत्रिका हाताने लिहिली आणि सकाळी झेरॉक्स काढल्या.

पुढे आम्ही युनिकोडमध्ये लिहू लागलो, संगणकांवर लिनक्स घेतले आणि प्रिंटर सामाईक केला. लिनक्सवर हे काम १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली, मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही प्रणाली करते. प्रिंटर ज्या संगणकाला जोडला आहे, त्यावर तो इतरांस खुला करावयाचा. मग त्याच नेटवर्कवरील अन्य संगणकांना तो बहुधा आपोआप दिसू लागतो. फायरवॉलने ६३१ क्रमांकाचे पोर्ट अडविले असेल, तर मात्र दिसूनही छापत नाही. आमची एक अख्खी दुपार त्यातच गेली.

खरा लाभ निराळाच आहे. आता फाइल प्रवास करीत नाही, जुळविलेले पान करते. मराठीची जोडाक्षरे काय किंवा कन्नडची ओत्तक्षरे काय, ती लिहिणाऱ्याच्याच संगणकावर जुळतात आणि फॉन्टसह पीडीएफच्या रूपाने कार्यालयात पोहोचतात. तेथील संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. कामे रांगेत लागतात व क्रमाने छापली जातात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे एक मूळही अशाच सामाईक प्रिंटरच्या त्रासात आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकल्याची वर्दी सर्वांना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. परंतु त्याचा मूळ प्रोग्राम त्यांना मिळू शकला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

आमच्या व्यवस्थेत एक उणीव उरतेच. कार्यालयातील संगणक बंद झाला की सर्वांची छपाई थांबते. परीक्षेच्या आठवड्यात तो बंद करू नये, अशी चिठ्ठी त्यावर दोन्ही लिप्यांत चिकटविली आहे.