गारगोटी गेली, युरेनियम आले

1948 च्या अखेरीस फ्रान्समधील लिमूझें प्रांतात, ला क्रूझिय गावाजवळ, गायगर काउंटर घेऊन हिंडणाऱ्या शोधपथकाला काळाकभिन्न, वजनदार पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचे खनिज, सापडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झोए ही फ्रान्सची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढची पन्नास वर्षे हा परिसर फ्रेंच युरेनियमचे माहेरघर ठरला. ग्रॅनाइट जगभर आहे, मग एवढे युरेनियम इथेच का साठले? याचे उत्तर खडकात आहे, पण त्याहून अधिक पाण्यात आहे.

साध्या ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत तीन-चार भाग युरेनियम असते. याच परिसरातल्या सां-सिल्वेस्त्रच्या 32 कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटमध्ये ते 20 च्या आसपास आहे. शिवाय त्यातले बरेचसे युरेनिनाइट या सहज विरघळणाऱ्या खनिजाच्या बारीक कणांत आहे. झिरकॉनसारख्या चिवट खनिजात ते अडकले असते, तर पाण्याच्या हाती फारसे लागले नसते. तरीही 20 भाग म्हणजे धातुक नव्हे. खाण परवडायची तर युरेनियम एका जागी गोळा व्हावे लागते.

त्यासाठी आधी जागा हवी. ग्रॅनाइट थिजल्यानंतर दीड-दोन कोटी वर्षांत भूकवचाच्या हालचालींनी त्याला भेगा पडल्या. जमिनीवरून मुरलेले पाणी त्या भेगांतून खोल गेले, साडेतीनशे अंशांच्या आसपास तापले आणि गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ, विरघळवू लागले. फेल्डस्पार आणि अभ्रक मागे राहिले. अशा खडकाला एपिसायनाइट म्हणतात. त्याचा तुकडा हातात घेतला की अनारशाला जाळी पडावी तशी छिद्रे दिसतात, आणि जिथे जिथे गारगोटीचा दाणा होता तिथे पोकळी असते. भोवतीचा फेल्डस्पार अनेकदा लोहाने लालसर झालेला असतो. अखंड ग्रॅनाइटमधून पाणी जेमतेम झिरपते, या खडकातून ते खेळू शकते.

युरेनियम मात्र लगेच आले नाही. मध्ये सुमारे तीन कोटी वर्षे गेली. पर्मियन काळात प्राणवायूयुक्त, तुलनेने कोमट पाणी या भेगांत शिरले. युरेनियमची सहा-संयुजी अवस्था अशा पाण्यात कार्बोनेटशी जोडी जमवून सहज वाहते. वाटेत ग्रॅनाइटमधले युरेनियम उचलत ते पाणी जाळीदार खडकापर्यंत पोहोचले. तिथे प्राणवायू हिरावून घेणारे द्रव आणि पायराइटसारखी खनिजे भेटली. युरेनियम चतुःसंयुजी झाले, त्याची विद्राव्यता कोसळली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर पिचब्लेंडचे काळे, गोलसर थर चढत गेले. भेगेने वाट दिली, गारगोटीने जागा सोडली आणि रसायनाने पाण्याला ओझे टाकायला लावले. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जुळल्या तेव्हाच साठा तयार झाला. म्हणूनच इथे शोध घेताना भ्रंशरेषा आणि गारगोटी हरवलेला खडक यांना एवढे महत्त्व होते.

फ्रान्सच्या सगळ्या खाणींतून मिळून सुमारे 5 कोटी 20 लाख टन धातुक निघाले आणि त्यातून 76 हजार टन युरेनियम मिळाले. म्हणजे टनामागे जेमतेम दीड किलो. बाकीचा सारा गाळ तिथेच राहिला. लिमूझेंमधल्या जुआकजवळची शेवटची खाण 2001 मध्ये बंद झाली. पाण्याचे काम मात्र थांबलेले नाही. उघड्या पडलेल्या खडकात प्राणवायूयुक्त पाणी शिरले की तेच रसायन उलट फिरते आणि युरेनियम पुन्हा विरघळू लागते. म्हणून बंद खाणींतून बाहेर येणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया करावी लागते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. सह्याद्रीत उगम पावणारी भीमा कर्नाटकातल्या ज्या यादगीर जिल्ह्यातून वाहते, तिथे गोगी गावाजवळ चुनखडकात आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये, भ्रंशाच्या कडेने, युरेनियमचा साठा आहे. खडक वेगळे, काळ वेगळा, पण युरेनियम वाहून आणणारे पाणीच. देशाला वीज हवी आणि त्यासाठी इंधनही हवे, हे खरेच आहे. पण युरेनियमच्या कोणत्याही खाणीचा हिशेब मांडताना किती टन निघणार एवढेच विचारू नका. खाण बंद झाल्यावर तिथल्या पाण्याची राखण कोण करणार, किती वर्षे आणि कुणाच्या खर्चाने, हे आधी विचारा.