निर्दोष नायक आणि व्यासांचा कर्ण

जुलै २०१५ मध्ये ‘बाहुबली’चा पहिला भाग प्रदर्शित झाला आणि दुसरा भाग येईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०१७ पर्यंत, देशभर एकच प्रश्न विचारला जात होता : कट्टप्पाने बाहुबलीला का मारले? हा प्रश्न नीट ऐकला तर एक गंमत ध्यानात येते. तो बाहुबलीविषयी नाहीच, कट्टप्पाविषयी आहे. अमरेंद्र बाहुबली बलवान आहे, न्यायी आहे, मातृभक्त आहे, प्रजावत्सल आहे. पुढच्या क्षणी तो काय करील हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. सिंहासनाशी बांधलेला आणि त्याच बाहुबलीवर जीव असलेला कट्टप्पा काय करील, हे मात्र सांगता येत नाही. कुतूहल त्याच्यापाशी जाऊन थांबले ते यामुळे.

अद्भुतरम्य मालिका आवडीने वाचणाऱ्यांची, आता मोबाइलवर ऐकणाऱ्यांचीही, एक तक्रार नेहमीची आहे. पहिला भाग झपाटून टाकतो, तिसऱ्या भागापर्यंत नायकाचा वीट येतो. त्याला प्रत्येक विद्या एका दिवसात येते, शत्रूसुद्धा त्याची स्तुती करतो आणि चूक झालीच तर ती दुसऱ्या कुणाच्या कपटामुळे झालेली असते. अद्भुतकथेत हा दोष वास्तववादी कथेपेक्षा अधिक जाचतो, याला कारण आहे. जिथे मंत्राने पर्वत हलू शकतो, तिथे काय घडू शकते याला काहीच मोल उरत नाही. काय घडू शकत नाही, यावरच कथा उभी राहते. नायकाला मर्यादाच नसेल तर लेखकाला प्रत्येक भागात आणखी मोठा राक्षस आणावा लागतो. राक्षस वाढत जातो आणि भीती कमी होत जाते. अमेरिकेत १९७३ साली पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची थट्टा करण्यासाठी अशीच एक सर्वगुणसंपन्न नायिका रचली. तिचे ‘मेरी स्यू’ हे नाव पुढे अशा सगळ्याच पात्रांना चिकटले.

आपल्याकडे हा प्रश्न कितीतरी जुना आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले आणि धीरोदात्ताला मानाचे स्थान दिले. तो गंभीर, क्षमाशील, आत्मस्तुती न करणारा. अशा नायकाचे मूर्तिमंत रूप म्हणजे राम. तरीही भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या पाचव्या अंकात लवाच्या तोंडून रामाच्या पराक्रमाचीच फिरकी घेतली. ताटकेचा वध, खराशी लढताना मागे घेतलेली पावले, वालीचा वध यांकडे लव उपहासाने बोट दाखवतो. हे बोलणाऱ्या मुलाला आपण आपल्या पित्याविषयी बोलत आहोत हे ठाऊक नाही, प्रेक्षकाला मात्र ते ठाऊक आहे. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राला हे अनुचित वाटले. प्रधान नायकाच्या वीररसाचाच यात नाश झाला, असा त्याचा आक्षेप. आज त्या अंकात लव लक्षात राहतो आणि रामही अधिक माणसासारखा वाटतो. या वादात भवभूतीचीच बाजू घ्यावीशी वाटते.

मराठी वाचकाच्या बाबतीत मात्र या विषयाचे खरे उदाहरण कर्णाचे आहे, आणि ते सीमाभागाच्या अगदी अंगणातले आहे. गोव्याहून लोंढामार्गे बेळगावकडे जाताना खानापूरच्या अलीकडे गुंजी लागते. गुंजीहून पुढे बेळगाव ओलांडले की कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात कोवाड आहे. ते ‘राधेय’कार रणजित देसाई यांचे गाव. त्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत ‘मृत्युंजय’चे लेखक. ‘मृत्युंजय’ १९६७ सालचे, ‘राधेय’ १९७३ सालचे. मराठी घरांत कर्ण पोहोचला तो बहुतांशी या दोन पुस्तकांतून. देसाई यांनी तर प्रारंभीच स्पष्ट केले होते की हे कर्णाचे चरित्र नव्हे, भावकहाणी आहे. वाचकांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी तिला चरित्रच मानले.

जन्म एका घरचा आणि आयुष्य दुसऱ्या घरी, आपले कोण आणि परके कोण हे अखेरपर्यंत न सुटलेले : असा नायक १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्य आणि भाषा यांची फारकत अनुभवणाऱ्या गुंजी-खानापूरच्या मराठी वाचकाला जवळचा वाटावा, यात नवल नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला निर्दोषही ठरवून टाकण्याची आपल्याला सवय आहे. लोकांच्या मनातल्या कर्णाने म्हणूनच कधी कुणाचे वाईट केलेले नसते. तो कुणाकडून हरतो तेव्हाही ती केवळ शापाची करणी असते.

व्यासांचा कर्ण असा नाही. भर सभेत द्रौपदीला तो हीन शब्दांनी हिणवतो आणि तिची वस्त्रे काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. घोषयात्रेत गंधर्वांपुढे तो रणातून निघून जातो. विराटाच्या गोग्रहणात अर्जुन त्याला हरवतो, आणि तेव्हा रथाचे चाक रुतलेले नसते. अभिमन्यूचे धनुष्य तोडणारा तोच. कवचकुंडले तो देतो हे खरे, पण सूर्याच्या सल्ल्याप्रमाणे बदल्यात इंद्राची अमोघ शक्ती मागून घेतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. सूतपुत्राला मी वरणार नाही, हे स्वयंवरातले द्रौपदीचे प्रसिद्ध वाक्य तिच्या मूळ संहितेत घेतलेले नाही. कर्णाच्या बाजूने सर्वाधिक अश्रू ज्या प्रसंगाने ओढले, तो बहुधा नंतरची भर आहे.

‘मृत्युंजय’ आले त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाईंनी कर्णाला सहानुभूती दिली, पण माफी दिली नाही. आपण कोण, या एका प्रश्नाने पोखरलेला, म्हणून कधी अतिउदार तर कधी अतिक्षुद्र होणारा माणूस त्यांना दिसला. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच माणसाची ही दोन चित्रे. पहिल्याची लोकप्रियता दुसऱ्याच्या वाट्याला आली नाही, हे साहजिकच होते. ‘मृत्युंजय’मध्ये सहा जणांच्या तोंडून कथा सांगण्याची सावंतांची योजना आणि तिच्यातला आवेग आजही वाचकाला ओढून नेतो. तरीही त्यातल्या कर्णाच्या तेजाने कधी कधी डोळे दिपतात आणि माणूस दिसेनासा होतो.

टॉल्किनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५ साली आलेल्या अखेरच्या खंडात नेमके उलट केले. शेकडो मैलांची पायपीट करून अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचलेला फ्रोडो ऐन वेळी अंगठी टाकायला नकार देतो. ती नष्ट होते गॉलममुळे. नायक हरलेला असतो आणि तरी वाचकाचे त्याच्यावरचे प्रेम रतिभर कमी होत नाही.

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि पांडवांकडे यायला सुचवतो, तो प्रसंग अशाच जातीचा आहे. तिथे कर्ण कबूल करतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कडू शब्द बोललो आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. सभेतली ती वाक्ये गाळली, तर या कबुलीला अर्थच राहत नाही. त्याच संवादात तो कृष्णाला एक विनंतीही करतो : हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळले तर तो राज्य माझ्या हाती देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.