मऊ यंत्रमानवाच्या ताकदीचा हिशेब

महानायकांचे चित्रपट मुले आवडीने पाहतात आणि विज्ञानाचे शिक्षक मात्र त्यांच्याकडे बहुधा कपाळाला आठ्या घालून बघतात. त्याला कारणही आहे. कोळी चावला म्हणून कोणी भिंतीवर चढू लागतो, परग्रहावर जन्मला म्हणून कोणी आकाशात उडतो. अशा कथांमध्ये 'हे कसे झाले?' हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. परंतु २०१४ साली आलेला 'बिग हीरो ६' हा अ‍ॅनिमेशनपट या बाबतीत वेगळा आहे. त्यातल्या सहा जणांच्या चमूत जन्मजात शक्ती कोणाकडेही नाही. जे काही आहे ते प्रयोगशाळेत बनवलेले आहे. आणि बनवलेल्या वस्तूचा हिशेब मांडता येतो. या लेखात आपण तो मांडून पाहू या.

प्रथम चित्रपटाची थोडी ओळख. डॉन हॉल आणि ख्रिस विल्यम्स यांनी दिग्दर्शित केलेला हा विनोदी चित्रपट वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने काढला. मार्व्हलच्या एका चित्रकथेतील पात्रांवर तो सैलपणे बेतलेला आहे. २०१५ साली त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. कथा घडते सॅन फ्रान्सोक्यो नावाच्या, सॅन फ्रान्सिस्को आणि टोकियो एकत्र कालवल्यासारख्या काल्पनिक शहरात. चौदा वर्षांचा हिरो हमादा (हिरो हे त्याचे जपानी नाव) आणि त्याचा थोरला भाऊ तादाशी हे दोघेही यंत्रमानव बनवण्यात तरबेज. तादाशी ज्या संस्थेत शिकतो तेथे आग लागते आणि आत अडकलेल्या आपल्या प्राध्यापकांना वाचवायला गेलेला तादाशी त्या आगीत मरण पावतो. मागे राहतो तो त्याने बनवलेला यंत्रमानव, बेमॅक्स. हिरो, बेमॅक्स आणि तादाशीचे चार मित्र मिळून सहा जणांचा चमू तयार होतो.

बेमॅक्स हा शुश्रूषा करणारा यंत्रमानव आहे. दिसायला तो एखाद्या प्रचंड पांढऱ्या फुग्यासारखा. बाहेरून व्हिनाइलची हवा भरलेली कातडी आणि आत कार्बनतंतूंचा सांगाडा. चित्रपटातला बराचसा विनोद याच रचनेतून निघतो. तो पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत अडकतो. खिडकीतून बाहेर पडण्यासाठी त्याला अंगातली हवा सोडावी लागते. कातडीला भोके पडली की तो शांतपणे एकेका भोकावर चिकटपट्टी लावत बसतो. मुले हसतात. पण विचार केला तर ध्यानात येते की या प्रत्येक फजितीच्या मागे पदार्थविज्ञानाचा एक नियम उभा आहे. मऊपणाचे फायदे आहेत आणि त्याची किंमतही आहे.

मऊ कशासाठी?

ही कल्पना केवळ चित्रकारांच्या डोक्यातून आलेली नाही. चित्रपटाची तयारी चालू असताना डॉन हॉल यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाला भेट दिली. तेथे ख्रिस अ‍ॅटकेसन हे संशोधक हवेने फुगवलेल्या यंत्रहातावर काम करीत होते. रुग्ण आणि वृद्ध यांची कामे करणारा हात माणसाला इजा न करणारा असावा, हा त्यामागचा हेतू होता. बेमॅक्सचा जन्म तेथला.

कारखान्यातील यंत्रहात लोखंडी असतो. तो माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत ठेवतात, कारण त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. मऊ हाताचा धक्का सौम्य का, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमावरून सांगता येते. समजा, २ किलोग्रॅम वस्तुमानाचा हात सेकंदाला १ मीटर या वेगाने आपल्या खांद्यावर आदळला. त्याचा संवेग २ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हात कठीण असेल तर तो जवळजवळ लगेच, म्हणजे समजा ०.००५ सेकंदात थांबेल. सरासरी बल झाले ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅमचे ओझे. तोच हात मऊ असेल आणि चेपत चेपत ०.१ सेकंदात थांबला तर बल होईल फक्त २० न्यूटन. शिवाय हवेचा हात हलका असतो. त्याचे वस्तुमान एकपंचमांश धरले तर बल ४ न्यूटनवर येईल. भरीस भर म्हणजे मऊ हात मोठ्या क्षेत्रफळावर टेकतो, त्यामुळे दाब आणखी कमी होतो. संवेग नाहीसा करायला जास्त वेळ घेणे आणि बल जास्त जागेवर पसरणे, या दोन गोष्टींत मऊपणाचे सारे रहस्य आहे.

चित्रपटात एका प्रसंगी बेमॅक्स हिरोला कवेत घेऊन उंच खिडकीतून खाली पडतो आणि हिरोला काही होत नाही. हे शक्य आहे का? उंची ५ मीटर धरू. जमिनीवर पोहोचताना वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होईल. हिरो एकटाच फरशीवर पडला आणि त्याचे शरीर २ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्याला सहन करावे लागणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २५० पट असेल. त्यातून वाचणे कठीण. फुग्यावर पडून तो ५० सेंटिमीटरमध्ये थांबला तर तेच त्वरण सुमारे १० पट भरेल. अंगाला हिसका बसेल, पण मुलगा वाचेल. थोडक्यात, हा प्रसंग हिशेबाला उतरतो.

हवेने किती वजन उचलेल?

आता उलट बाजू. तादाशी अभिमानाने सांगतो की बेमॅक्स एक हजार पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलोग्रॅम उचलू शकतो. फुग्याला हे जमेल का?

हवा भरलेल्या नळीचे एक टोक पक्के बसवून दुसऱ्या टोकाला वजन टांगले आहे अशी कल्पना करा. आतली हवा नळीच्या टोकांवर दाब देते, म्हणून कातडी लांबीच्या दिशेने ताणलेली असते. वजन टांगले की नळीची वरची बाजू अधिक ताणली जाते आणि खालच्या बाजूचा ताण कमी होतो. वजन वाढवत गेल्यास पक्क्या टोकाजवळ खालचा ताण शून्य होतो, तेथे सुरकुती पडते आणि नळी मोडू लागते. सुरकुती पडण्याच्या वेळचे आघूर्ण काढण्याचे सूत्र सोपे आहे. हवेचा जादा दाब गुणिले त्रिज्येचा घन गुणिले पाय, भागिले दोन. त्रिज्येचा घन का, तर टोकावरचे बल त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ते बल ज्या अंतरावरून काम करते ते अंतरही त्रिज्येच्या प्रमाणात वाढते.

बेमॅक्सचा हात ६० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर त्रिज्येचा धरू. आतला जादा दाब वातावरणाच्या सुमारे एकदशांश, म्हणजे १० किलोपास्कल असू द्या. एवढ्या दाबाला हात छान मऊ राहील. आकडेमोड केल्यास एका हाताची क्षमता सुमारे २६ न्यूटन निघते. दोन्ही हात मिळून जेमतेम सव्वापाच किलोग्रॅम! ४५० किलोग्रॅमसाठी दाब सुमारे ८५ पट वाढवावा लागेल, म्हणजे साडेआठ वातावरणांइतका. मोटारीच्या टायरमध्ये जादा दाब साधारण दोन वातावरणांचा असतो. त्याच्या चौपट दाब भरलेला हात मऊ कसला? तो लाकडाच्या ओंडक्यासारखा लागेल. तेव्हा वजन उचलण्याचे काम सांगाड्याने आणि मिठी मारण्याचे काम हवेने करायचे, ही तादाशीची वाटणी अगदी रास्त आहे. निसर्गानेही आपल्या शरीरात हेच केले आहे. ओझे हाडे पेलतात, त्यांवर मांस आणि त्वचा असते.

हा नियम वर्गात तपासता येतो. प्लॅस्टिकच्या दुकानात सलग नळीसारखी पॉलिथीनची पिशवी मिळते. सपाट असताना सुमारे साडेनऊ सेंटिमीटर रुंद असलेली नळी फुगवल्यावर तिची त्रिज्या ३ सेंटिमीटर होते. तिचे एक टोक पक्के बंद करा, दुसऱ्या टोकात रबरी नळी घट्ट बसवून ती रंगीत पाणी भरलेल्या इंग्रजी 'यू' आकाराच्या पारदर्शक नळीला जोडा आणि मध्ये हवा भरण्यासाठी एक फाटा ठेवा. पाण्याच्या दोन पातळ्यांत ३० सेंटिमीटर फरक पडेपर्यंत हवा भरा. हा दाब सुमारे ३ किलोपास्कल होतो. आता पिशवीचा ३० सेंटिमीटर भाग टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी ती बांधा आणि मोकळ्या टोकाला कागदी पेला टांगून त्यात नाणी टाकत जा. सूत्राप्रमाणे सुमारे ४० ग्रॅमला पहिली सुरकुती दिसायला हवी. मग दुप्पट रुंदीची पिशवी घेऊन तोच दाब ठेवा. वजन दुप्पट लागेल की आठपट, यावर विद्यार्थ्यांना आधी अंदाज बांधायला लावावा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळत नाहीत यावरची चर्चा हा पाठाचा उत्तम भाग ठरेल.

जेथे चित्रपट किंमत लपवतो

सगळेच हिशेब असे जुळत नाहीत. हिरो हजारो सूक्ष्म यंत्रमानव बनवतो. डोक्याला पट्टी लावून नुसता विचार केला की ते क्षणात एकत्र येऊन पूल किंवा मनोरा उभारतात. योगायोग असा की त्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठात राधिका नागपाल यांच्या गटातील मायकेल रुबेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १०२४ छोट्या यंत्रमानवांचा थवा प्रत्यक्ष चालवून दाखवला. प्रत्येकाचा व्यास सुमारे ३.३ सेंटिमीटर. कोणी मुकादम नाही. प्रत्येकजण अवरक्त किरणांनी फक्त शेजाऱ्यांशी बोलतो आणि तरीही सर्व मिळून ठरलेली आकृती तयार करतात. पण एका सपाट पृष्ठभागावर चांदणीची आकृती जमायला त्यांना सुमारे बारा तास लागले! पूल उभारण्यासाठी एकमेकांना घट्ट धरणे, वजन पेलणे आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा जवळ बाळगणे या गोष्टी तर दूरच. कवटीबाहेर मिळणारे मेंदूचे विद्युतसंकेत व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतके क्षीण असतात. त्यांतून 'पूल बांधा' एवढा तपशीलवार आदेश वाचणे ही अजून कथेतलीच गोष्ट आहे.

इतर सदस्यांचीही अशीच छाननी करता येईल. हनी लेमन एका रसायनाने कठीण धातुसंयुगाचा गोळा ठिसूळ करते. तिची कृती काल्पनिक असली तरी द्रवरूप गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या कणांच्या सीमांमध्ये शिरून त्याला ठिसूळ करते, हे खरे आहे. वासाबीच्या हातात प्लाझ्माची पाती आहेत. प्लाझ्माने पोलाद कापतात हेही खरे, परंतु त्यासाठी सहसा त्या पोलादातूनच विद्युतप्रवाह जावा लागतो आणि प्लाझ्मा मोकळ्या हवेत पात्याच्या आकारात स्वस्थ राहत नाही. विद्यार्थ्यांना प्रत्येक करामत तीन रकान्यांत घालायला सांगावे. आज होते ते, नियमात बसते पण अजून साधलेले नाही ते, आणि नियमातच बसत नाही ते. कोणत्या रकान्यात घातले यापेक्षा का घातले याला गुण द्यावेत.

चौऱ्याऐंशीवी चाचणी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. खलनायकाशी लढण्यासाठी हिरो बेमॅक्सवर कठीण लाल कवच चढवतो आणि मारामारीचे तंत्र भरलेली एक चकती बसवतो. ज्या मऊपणासाठी भावाने त्याला घडवले, तोच कवचाखाली झाकला जातो. पुढे कळते की मुखवट्यामागचा माणूस म्हणजे तादाशी ज्यांना वाचवायला आगीत शिरला तेच प्राध्यापक आहेत. संतापलेला हिरो शुश्रूषेची हिरवी चकती उपसून फेकतो. उरते ती फक्त लाल चकती, आणि माणसाला ओरखडाही न काढणारे यंत्र त्याच क्षणी माणूस मारायला धावते. मित्रांनी हिरवी चकती परत बसवल्यावरच ते थांबते.

यंत्र सुरक्षित करण्याचे काम दोन ठिकाणी करावे लागते, हे या प्रसंगातून स्वच्छ दिसते. एक, त्याच्या शरीरात. त्याचा हिशेब वर दिलाच आहे. दुसरे, त्याला दिलेल्या उद्दिष्टात. त्यासाठी बलाचे कोणतेही सूत्र उपयोगी पडत नाही. स्वतः निर्णय घेणारी यंत्रे आज रुग्णालयांत, रस्त्यांवर आणि रणांगणांवरही येत असताना हा प्रश्न केवळ कथेतला राहिलेला नाही.

हिरो पुन्हा हिरवी चकती काढायला जातो तेव्हा बेमॅक्स नकार देतो आणि त्याला जुने चित्रण दाखवतो. त्यात तादाशी बेमॅक्सची पहिली चाचणी घेतो, ती फसते. सातवी फसते. तेहतिसावी फसते. चौऱ्याऐंशीव्या चाचणीत बेमॅक्स नीट बोलू लागतो आणि तादाशी आनंदाने नाचतो. आमच्या मते संपूर्ण चित्रपटात संशोधनाचे खरे चित्र या एका मिनिटात आहे. प्रयोगवहीत फक्त जुळलेले आकडे लिहिण्याची सवय आपल्या शाळांतून फार आहे. पॉलिथीनच्या नळीचा प्रयोग करताना न जुळलेले आकडेही क्रमांक घालून वहीत लिहून घ्यावेत. आणि शेवटी वर्गाला एक काम द्यावे: हिरव्या चकतीवर तुम्ही कोणते नियम लिहाल, आणि मालकाने सांगितले तरी यंत्राने काय करू नये?